घोड्याचा फोन येण्याआधी: सातारा-सांगलीतल्या पशुवैद्यकाने मदतीची साखळी कशी बांधावी

पाचगणीच्या टेबल लँडवर पर्यटकांना फिरवणारं घोडं, वरातीचं घोडं, माण-खटावच्या धनगराची ओझ्याची घोडी, शर्यतीला जुंपायचं घोडं. आपल्या पट्ट्यात घोडे आहेत, पण फक्त घोड्यांवर पोट भरेल एवढे ते एका जागी नाहीत. त्यामुळे दिवसभर गाई-म्हशी तपासणाऱ्या डॉक्टरलाच रात्री घोड्याचा फोन येतो. तो जातोही. मदत मात्र हाताशी होतं ते सगळं देऊन झाल्यावरच मागितली जाते. तीन इंजेक्शनं झालेली, मालकाने बाटलीभर तेल पाजलेलं, सहा तास गेलेले, आणि मग अनुभवी डॉक्टरांना फोन: "सर, घोडं सिरीयस आहे, काय देऊ?" या प्रश्नाला फोनवर उत्तर नसतं.

हा लेख नोंदणीकृत पशुवैद्यकांसाठी आहे. घोडेमालकांनी टप्पा ४ आणि टप्पा ७ जरूर वाचावेत, पण इथले औषधांचे उल्लेख स्वतःच्या हाताने देण्यासाठी नाहीत.

## टप्पा १: माणसं आधी जोडा

दिवसाउजेडी, कुठलंही घोडं आजारी नसताना हे काम करायचं. एका कागदावर पुढची नावं आणि नंबर लिहा.

फोनवर सल्ला देणारा डॉक्टर. घोड्यांचं काम रोज करणारा. पुण्यात रेसकोर्स असल्यामुळे असे लोक फार लांब नाहीत. त्यांना प्रत्यक्ष भेटा आणि चार गोष्टी स्पष्ट ठरवा: रात्री किती वाजेपर्यंत फोन चालेल, फोटो-व्हिडिओ कुठे पाठवायचे, सल्ल्याचे पैसे किती आणि कसे द्यायचे, आणि उपचाराची जबाबदारी कोणाची. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर ठरलेलंच आहे: घोड्याजवळ जो उभा आहे त्याची. पैशांचं बोलायला आपण लाजतो. माझं मत स्पष्ट आहे की फुकट सल्ला दोन-तीन फोनांपलीकडे टिकत नाही. समोरचा नाही म्हणत नाही, तो फक्त फोन उचलायचं बंद करतो. मालकाच्या बिलात "तज्ज्ञ सल्ला" अशी वेगळी ओळ टाका आणि ती रक्कम दुसऱ्या दिवशी पाठवून द्या.

पुढे पाठवायची जागा. साताऱ्यासाठी शिरवळचं क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यक महाविद्यालय. जाऊन विचारा: रात्री कोण असतं, घोडा उभा करायला खोडा आहे का, क्ष-किरण चालू आहे का, भूल देऊन करायचं कुठलं काम ते घेतात आणि कुठलं घेत नाहीत. ही उत्तरं माणसांच्या बदल्यांबरोबर बदलतात, म्हणून दर सहा महिन्यांनी पुन्हा विचारा. जत, आटपाडी, कवठे महांकाळकडच्या डॉक्टरांना शिरवळ लांब पडतं. त्यांनी दुसरा पर्याय शोधून त्याचंही नाव खाली लिहावं.

दुसरे हात. शेजारच्या तालुक्यातला एक पशुवैद्यक आणि जवळच्या दवाखान्यातले पशुधन पर्यवेक्षक. १९६२ या टोल फ्री क्रमांकावरून येणाऱ्या फिरत्या पथकातल्या डॉक्टरांचीही ओळख करून ठेवा. भूल देताना एकाने जखम शिवायची आणि दुसऱ्याने श्वास बघायचा. एकट्याने दोन्ही होत नाही. मात्र भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियम, १९८४ लक्षात ठेवा: पर्यवेक्षक तुमच्या देखरेखीखाली ठरावीक किरकोळ सेवा देऊ शकतात. तुम्ही गावात नसताना त्यांच्याकडून घोड्याला भूल देववणं त्यात बसत नाही.

नालबंद, औषध दुकानदार, गाडीवाला. नालबंदाला आपण कारागीर समजून बाजूला ठेवतो, पण लंगड्या घोड्याचे निम्मे प्रश्न त्याच्या पकडीपाशी सुटतात. दुकानदाराची गरज पुढच्या टप्प्यात कळेल. गाडीवाल्याने याआधी घोडं नेलेलं असावं. फक्त म्हैस नेलेला चालत नाही.

> तपासा: यादीतला प्रत्येक नंबर एकदा रात्री नऊनंतर लावून बघा. कोयनेच्या खोऱ्यात आणि माणच्या माळावर रेंज दगा देते, म्हणून यादीची कागदी प्रत गाडीत आणि एक घरच्यांकडे ठेवा.

## टप्पा २: पेटी घोड्याच्या मापाने भरा

गाईची पेटी घेऊन घोड्याकडे जाता येत नाही. निदान एवढं वेगळं हवं: घोड्याच्या नाकातून जाणारी पोटनळी (मोठी एक, शिंगराला आणि तट्टाला चालेल अशी बारीक एक), नरसाळं किंवा हातपंप, मापाच्या खुणा असलेली बादली, १४ गेजचे कॅथेटर, दोरा बांधलेला थर्मामीटर, भरपूर वंगण, लांब हातमोजे, डोक्याला लावायचा दिवा, मजबूत म्होरकी आणि लांब दोर. म्होरकी स्वतःची असू द्या. मालकाची नेमकी त्याच रात्री तुटते.

शिंप्याची टेप घ्या. जाहिरातीतल्या महागड्या फितीची गरज नाही. खोगिराचा तंग (पट्टा) बसतो तिथून छातीचा घेर सेंटिमीटरमध्ये मोजा. खांद्याच्या पुढच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या मागच्या टोकापर्यंत लांबी मोजा. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ११,८७७, म्हणजे किलोमध्ये अंदाजे वजन. घेर १५० आणि लांबी १३० आली तर वजन सुमारे २४६ किलो. पुस्तकातले हिशोब बहुधा ४५० ते ५०० किलोच्या घोड्याचे असतात. आपल्याकडचं स्थानिक घोडं पुष्कळदा त्याच्या निम्मं भरतं. डोळ्यांनी वजन ठरवून पूर्ण बाटली दिली की दुप्पट मात्रा जाते, आणि ती गेली हे कोणाला कळतही नाही.

आता सलाईन. २५० किलोच्या घोड्याच्या अंगातलं पाणी सहा टक्के कमी झालं असेल तर तूट १५ लिटरची. म्हणजे अर्ध्या लिटरच्या ३० बाटल्या. तुमच्या गाडीत किती असतात? बहुतेकांच्या गाडीत दोन-चार. दोन बाटल्या लावून "सलाईन दिलं" असं लिहिण्याला घोड्याच्या बाबतीत अर्थ नाही. म्हणून दुकानदाराशी आधी बोलायचं: रात्री दुकान उघडून ३० बाटल्या देशील का, न वापरलेल्या परत घेशील का?

धनुर्वाताची लस आणि प्रतिविष कोणाच्या फ्रीजमध्ये आहे तेही लिहून ठेवा. जनावरांमध्ये धनुर्वाताला सगळ्यात हळवं घोडं. खिळा लागला, तार लागली, नाल ठोकताना जिवंत भागाला इजा झाली, की हा प्रश्न पहिला. भुलीचं औषध केटामाइन शेड्यूल एक्समध्ये, म्हणजे कडक नियंत्रणाच्या औषधांच्या यादीत आहे, ते ऐन वेळी कोणी देत नाही. त्याचे कागद आधी पुरे करा, नाहीतर भुलीचं काम सरळ पुढे पाठवायचं असं ठरवून टाका.

## टप्पा ३: गोठ्यातल्या सवयी गोठ्यात ठेवा

चांगले, अनुभवी डॉक्टर घोड्यापाशी चुकतात ते बहुधा इथे. ज्ञान कमी नसतं, पण हाताला गाईची सवय असते.

गोचीड फवारणी. गाईला सर्रास वापरतो ते अमिट्राझ घोड्याला वापरायचं नाही. त्याने आतड्याची हालचाल मंदावते आणि मोठ्या आतड्यात चोंदा बसतो. मालक एकाच बादलीतून म्हैस आणि घोडं दोन्ही धुतो, म्हणून पोट दुखणाऱ्या घोड्याच्या मालकाला "दोन-चार दिवसांत काही फवारलं का" हे विचाराच.

खाद्य. मोनेन्सिन, सॅलिनोमायसिन ही कोंबडीच्या आणि काही वेळा गाईच्या खाद्यात मिसळली जाणारी औषधं. घोड्याच्या हृदयाच्या स्नायूला ती मारक आहेत. मोनेन्सिनची प्राणघातक मात्रा घोड्यात वजनाच्या दर किलोमागे अवघी दोन-तीन मिलिग्रॅम. विटा, खानापूर भागात पोल्ट्री आणि घोडं एकाच आवारात दिसतं, शेडमधलं उरलेलं खाद्य घोड्याच्या तोबऱ्यात जातं. घाम, धाप, मागचे पाय लटपटणं, नाडी भरभर असं चित्र असेल तर चंदीत (घोड्याच्या खुराकात) काय होतं ते पोतं उघडून बघा. पोत्यावरच्या लेबलचा फोटो काढा.

प्रतिजैविकं. लिंकोमायसिन घोड्याला नको, तोंडावाटे टायलोसिन नको. मोठ्या आतड्यातले उपयोगी जंतू मरतात आणि जीवघेणी हगवण लागते. प्रोकेन पेनिसिलिन शिरेतून कधीच नाही. स्नायूत देतानाही पिस्टन मागे ओढून रक्त येतंय का बघायचं.

फ्लुनिक्सिन (वेदनाशामक) स्नायूत. गाईला देतो म्हणून घोड्याला मांडीत टोचलं जातं. त्यातून स्नायू सडण्याचा धोका असतो. घोड्याला ते शिरेतूनच. आणि मानेत शीर शोधताना सुई धमनीत गेली तर घोडं क्षणात कोसळून झटके देतं. सुई आधी सिरिंजशिवाय घाला, रक्त थेंबथेंब येतंय की उसळतंय ते बघा, मगच औषध जोडा.

गुदमार्गे तपासणी. रोज वीस-वीस गाई तपासणारा हात घोड्यात सर्वात धोकादायक. घोड्याचा गुदाशय पातळ असतो, कळ आली की हातावर आवळतो, आणि त्या वेळी पुढे रेटलं तर फाटतो. फाटलेला गुदाशय म्हणजे बहुतेक वेळा गेलेलं घोडं. शांत करणारं औषध, भरपूर वंगण, आणि कळ आली की हात स्थिर. त्यातूनही घोडं ऐकत नसेल तर तपासणी सोडून द्या. हातमोज्यावर ताजं रक्त दिसलं तर मालकाला लगेच सांगा आणि लगेच पुढच्या जागेला फोन करा. हे लपवणाऱ्याला पुढे कोणीच वाचवू शकत नाही.

बाटलीने पाजणं. बांबूच्या नळीने किंवा बाटलीने तेल, काढा, ताक पाजलं की त्यातलं काही फुप्फुसात जातं. घोडं पोटाच्या दुखण्यातून उठतं आणि चार दिवसांनी न्यूमोनियाने मरतं. पोटात काही द्यायचं तर नाकातून नळीनेच, आणि ती नळी अन्ननलिकेत आहे याची खात्री झाल्यावरच: मानेच्या डाव्या बाजूला ती उतरताना दिसली पाहिजे, ओढून पाहिल्यावर हवा अडली पाहिजे, श्वासाबरोबर टोकाशी वारा येता कामा नये.

> सावधान: घोडं उलटी करू शकत नाही. पोट तुडुंब भरलेलं असताना वरून आणखी लिटरभर तेल ओतलं तर जठर फुटू शकतं. नळीतून आपोआप पाणी येत असेल तर आत काहीही घालायचं नाही.

## टप्पा ४: निघण्याआधी मालकाशी फोन

दोन मिनिटांचा फोन असतो, पण तो टाळला जातो. विचारायचं ते असं: शेवटची लीद कधी टाकली? काल-परवा चंदीत बदल झाला का, लग्नाघरचं उरलेलं खाल्लं का? आत्तापर्यंत कोणी काय दिलं, कशातून दिलं? घोडं नवं आहे का, सारंगखेड्याच्या किंवा अकलूजच्या बाजारातून आलंय का? आसपास पिसाळलेलं कुत्रं फिरत होतं का?

आणि सांगायचं ते असं: खाणं काढून घ्या. काहीही पाजू नका. उरलेली वेदनाशामक गोळी देऊ नका, त्याने दुखणं दबतं पण जात नाही, आणि मला खरं चित्र दिसत नाही. घोडं शांत उभं असेल तर उभं राहू द्या, लोळायला लागलं तर हळूहळू चालवा, पण तासन्‌तास पळवू नका. पडून निपचित असेल तर मारून उठवू नका. उजेडाची, पाण्याची आणि दोन बादल्यांची सोय करा. घोडं ओळखणारा एकच माणूस जवळ राहील, बाकी गाव लांब.

धनगर वाड्याचा फोन असेल तर आणखी एक प्रश्न: उद्या वाडा कुठे हलणार? पावसाळ्यानंतर कोकणाच्या वाटेवर असलेल्या वाड्यातल्या घोडीला तुम्ही तीन दिवसांचा उपचार लिहून दिलात तर दुसरा डोस देताना ती दुसऱ्या तालुक्यात असते. पुढच्या मुक्कामाच्या डॉक्टरचं नाव त्याच चिठ्ठीवर लिहून द्या.

## टप्पा ५: घोड्यापाशी कामाचा क्रम

क्रम महत्त्वाचा आहे, कारण प्रत्येक पुढची कृती मागचा आकडा बिघडवते.

१. लांबून बघा. एक मिनिट नुसतं उभं राहा. पाय आपटतंय का, कुशीकडे वळून बघतंय का, घामाचे पट्टे कुठे आहेत, नाकपुड्या फुलल्यात का, मागे रेलून पुढचे पाय हलके करतंय का.

२. धरणारा माणूस. तो तुमच्याच बाजूला उभा राहिला पाहिजे. समोरच्या बाजूला असला तर तो घोडं नेमकं तुमच्या अंगावर ढकलतो. अगाडी-पिछाडी (पुढचे-मागचे दोर) बांधलेली असेल तर आधी सोडायला लावा. बांधलेलं घोडं पडलं तर दोरासकट पडतं.

३. आकडे, औषधाआधी. जबड्याच्या आतल्या कडेला, गालाचा गोल स्नायू सुरू होतो तिथे बोट ठेवलं की दोरीसारखी धमनी लागते. घड्याळ लावून नाडी मोजा. मोठ्या घोड्याची विश्रांतीतली नाडी मिनिटाला २८ ते ४४, श्वास ८ ते १६, तापमान ३७.२ ते ३८.३ सेल्सिअस, म्हणजे ९९ ते १०१ फॅरनहाइट. वरचा ओठ उचलून हिरडी अंगठ्याने दाबा आणि सोडा. पांढरा ठसा दोन सेकंदांच्या आत गुलाबी व्हायला हवा. पोटाच्या दोन्ही बाजूंना, वर आणि खाली, चारही ठिकाणी स्टेथोस्कोप लावा आणि प्रत्येक जागी पूर्ण मिनिटभर ऐका.

४. तापमान गुदतपासणीआधी. नंतर आत हवा गेलेली असते, पारा खोटा कमी दाखवतो.

५. मग शांत करणारं औषध. झायलाझिनने नाडी आणि आतड्याचे आवाज दोन्ही मंदावतात, पोटातली कळ थांबवायला देतात त्या हायोसिनने नाडी वाढते. म्हणजे औषधानंतर मोजलेली नाडी औषधाची असते. आणि डोकं खाली घालून झोपाळलेलं घोडं लाथ मारत नाही हा समज काढून टाका. ते मारतं, आणि इशारा न देता मारतं.

६. नळी, मग गरज असेल तरच गुदतपासणी.

खिळा घुसलेल्या खुराचं वेगळं आहे. बघितल्याबरोबर तो उपटायची घाई होते. क्ष-किरण काढता येणार असेल तर खिळा तसाच ठेवा, भोवती लाकडाचे तुकडे बांधून तो आणखी आत जाणार नाही एवढं करा. काढावाच लागला तर आधी फोटो, मग जागेची खूण, मग आत गेलेली लांबी मोजून नोंद. दोन दिवसांनी ते भोक दिसतही नाही.

> तपासा: कुठलंही इंजेक्शन देण्याआधी आकडे वेळेसह कागदावर आहेत का? नसतील तर सुई खाली ठेवा. उद्या "डॉक्टरच्या इंजेक्शननं घोडं गेलं" असं गावात बोललं गेलं तर तुमच्या बाजूने तोच कागद बोलेल.

## टप्पा ६: सल्ल्याचा फोन

फोन कधी करायचा? पहिल्या उपचाराला उत्तर मिळालं नाही की लगेच. तिसऱ्या उपचारापर्यंत थांबायचं नाही. फोन लावण्याआधी लिखित निरोप पाठवा. "खूप दुखतंय", "डल आहे", "सिरीयस आहे" यातून समोरच्याला काहीच दिसत नाही. चांगला निरोप असा असतो:

> घोडी, स्थानिक, ९ वर्षं, टेपने अंदाजे २५० किलो. दुपारी ३ पासून पोटात दुखतंय. शेवटची लीद सकाळी. काल रात्री लग्नातला उरलेला भात खाल्ला. मालकाने काही पाजलेलं नाही. औषधाआधी नाडी ६४, श्वास २४, तापमान ३७.९. हिरड्या फिकट, रंग परतायला ३ सेकंद. उजवीकडे वर आवाज नाही, बाकी तिन्ही ठिकाणी मंद. ५.४० ला फ्लुनिक्सिन शिरेतून, वजनाप्रमाणे. ६.१५ पर्यंत शांत, आता पुन्हा पाय आपटतेय, नाडी ६८. नळीतून दीड लिटर आंबूस पाणी आपोआप आलं. प्रश्न: शिरवळला हलवू का, आणि नळी तशीच ठेवून नेऊ का? गाडी अर्ध्या तासात येईल. खर्चाचं मालकाशी बोलणं झालंय.

यातला शेवटचा भाग लोक गाळतात. प्रश्न काय आहे ते लिहिलेलं नसलं की समोरचा डॉक्टर पहिल्यापासून चौकशी सुरू करतो आणि दहा मिनिटं जातात. गाडी आणि पैसा या दोन गोष्टी माहीत नसतील तर तो जो सल्ला देईल तो तुमच्या कामाचा नसेल.

व्हिडिओ पाठवायचा तर तीस सेकंदांचा, घोडं पूर्ण दिसेल असा. लंगडेपणासाठी कठीण जमिनीवर सरळ रेषेत चालताना आणि परत येताना. मोबाइल आडवा धरा. हिरडीचा फोटो दिव्याच्या पिवळ्या उजेडात काढला तर रंग फसवतो, पांढरा उजेड वापरा.

सल्ला मिळाला की तो परत बोलून दाखवा: औषध, मात्रा, मार्ग, पुन्हा कधी. "एक" आणि "अकरा" यांत रेंज नसताना गफलत होते. आणि सल्ल्यातली एखादी गोष्ट तुम्ही कधी केलेली नसेल तर तसं सांगा. "हो सर, हो सर" म्हणून फोन ठेवणं आणि मग अंदाजाने नळी घालणं, यातून घोडीही जाते आणि सरांचा विश्वासही.

## टप्पा ७: हलवायचं तर वेळेवर

पोटदुखीत हे दिसलं की हलवण्याचा निर्णय घ्या, उद्या सकाळची वाट बघू नका: वेदनाशामक देऊनही नाडी ६० च्या वर टिकून, दुखणं औषधानंतर परत येतंय, नळीतून आपोआप पाणी येतंय, आतड्याचा आवाज बंद, पोट फुगत चाललंय, हिरड्या विटकरी किंवा जांभळ्या. यातलं एक ठळक असलं तरी फोन, दोन असली तर गाडी.

मालकाशी खर्चाचं बोलणं गाडी बोलावण्याआधी, साक्षीदारासमोर आणि आकड्यात. घोड्याची किंमत, मोठ्या शस्त्रक्रियेची शक्यता, वाटेत जाण्याचा धोका, आणि उपचार न करता वेदनारहित मरण देऊन यातना संपवण्याचा पर्याय, हे चारही सांगायचे. शेवटचा पर्याय उच्चारायला जीभ अडते, पण मालकाला तो दुसरा कोणी सांगणार नाही. संमती लेखी घ्या.

गाडीत चढवणं हा वेगळा उद्योग आहे. रॅम्प नसेल तर बांध, ओटा किंवा गोदामाची पायरी शोधा आणि टेम्पोची फळी तिला टेकवा. तळाला वाळू किंवा ओला पाचट, कोरडं गुळगुळीत लाकूड नको. डोकं अगदी आखूड बांधू नका, मान खाली घेता आली पाहिजे. नळीतून पाणी येत असेल तर नळी जागेवर ठेवून, म्होरकीला चिकटपट्टीने पक्की करून न्या. मोतद्दाराने (घोडं सांभाळणाऱ्याने) घोड्याशेजारी उभं राहू नये. आजारी घोडं अचानक पडतं, आणि बंद जागेत माणूस त्याच्याखाली सापडतो.

रस्त्याचा विचार आधी. पाचगणीहून शिरवळ म्हणजे पसरणी घाट उतरून वाई, मग सुरूर आणि खंबाटकीचा बोगदा. सुट्टीच्या दिवशी घाटात पर्यटकांच्या गाड्या अडकलेल्या असतात, तेव्हा तासभर जास्त धरा. दहिवडीकडून फलटण-लोणंदमार्गे शिरवळ गाठता येतं. निघताना तिथे फोन करा, आणि टप्पा ६ मधलाच निरोप दिलेल्या औषधांच्या वेळांसह एका कागदावर गाडीबरोबर पाठवा. चालकाच्या खिशात, मालकाच्या नव्हे. मालक गडबडीत असतो.

## टप्पा ८: जिथे मदत घेणं ऐच्छिक नाही

दोन रोगांत एकट्याने काही ठरवायचं नाही.

ग्लँडर्स. नाकातून चिकट पू, नाकाच्या आत व्रण, पायावर किंवा अंगावर गाठी फुटणं, ताप आणि खंगणं. माणसालाही होणारा, जीव घेणारा रोग. बाजारातून नुकत्याच आणलेल्या घोड्यात तर पहिल्यांदा हाच मनात आणायचा. हातमोजे, मास्क, डोळ्यांचं संरक्षण घातल्याशिवाय हात लावू नका. घोडं वेगळं बांधा, बादली, तोबरा, खरारा सगळं वेगळं. २००९ च्या प्राण्यांमधील संसर्गजन्य रोग प्रतिबंध व नियंत्रण कायद्याखाली हा कळवायचा रोग आहे, म्हणून पशुसंवर्धन विभागाला लेखी कळवा. रक्तजलाचे नमुने विभागामार्फतच हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रापर्यंत जातात. निदान येईपर्यंत प्रतिजैविक सुरू करू नका, घोडं विकू-हलवू देऊ नका, मेलं तर शवविच्छेदन करू नका.

रेबीज. घोड्यातला रेबीज पोटदुखीसारखा दिसू शकतो, लंगडेपणासारखाही. गिळता येत नाही म्हणून "घशात काही अडकलंय" असं मालक सांगतो आणि आपण उघड्या हाताने तोंडात हात घालतो. घालू नका. तुम्ही आणि तुमचा मदतनीस, दोघांनीही आधीच लस घेतलेली हवी: पहिला डोस, मग त्यानंतर सातव्या आणि एकविसाव्या किंवा अठ्ठाविसाव्या दिवशी, असे तीन डोस. डॉक्टर घेतो आणि पर्यवेक्षकाला विसरतो, हे बहुतेक दवाखान्यांत दिसतं.

> सावधान: यादीत माणसांच्या डॉक्टरचा आणि जवळच्या मोठ्या रुग्णालयाचा नंबर आहे का? छातीवर लाथ बसल्यावर तो शोधायला वेळ नसतो. दूरच्या कॉलवर निघताना घरी गावाचं नाव आणि परतायची वेळ सांगून जा.

## टप्पा ९: दुसऱ्या दिवशी

सल्ला देणाऱ्या डॉक्टरांना निकाल कळवा, वाईट असला तरी. पुढच्या वेळी ते रात्री अकराला फोन उचलतील की नाही हे यावर ठरतं. घोडं गेलं असेल तर त्याच आठवड्यात त्यांच्याशी वीस मिनिटं बोला: कुठल्या आकड्यावर निर्णय वेगळा घेता आला असता? हे बोलणं फक्त शिकण्यापुरतं नाही. खेड्यात पशुवैद्यक एकटा असतो, गावाचं बोलणं ऐकतो आणि सकाळी परत गोठ्यात उभा राहतो. त्याच धंद्यातल्या माणसाने "मीही हेच केलं असतं" म्हटल्याने जो भार उतरतो तो घरच्यांच्या समजुतीने उतरत नाही.

रात्रीचे फोन शेजारच्या दोघा-तिघांत वाटून घ्या. आठवड्याचे वार ठरवा आणि तो तक्ता घोडेमालकांनाही द्या, म्हणजे "तुमचाच डॉक्टर पाहिजे" हा हट्ट आधीच मोडतो. पाचगणी-महाबळेश्वरसारख्या ठिकाणी, जिथे घोडे एकत्र आहेत, तिथे मालकांनी मिळून महिन्यातली एक ठराविक फेरी बांधून घ्यावी: दात, खूर, जंत, धनुर्वाताची लस, वजनाची नोंद. दर घोड्यामागे ठरलेली रक्कम. रात्रीच्या फोनांपेक्षा डॉक्टरला ती परवडते, मालकालाही. नालबंदाला त्याच दिवशी बोलवा.

यादी वर्षातून दोनदा नवी करा: एकदा दिवाळीआधी, कारण मग बाजार, वराती आणि पर्यटकांचा हंगाम एकामागून एक येतात, आणि एकदा पावसाळ्याच्या तोंडावर. बदली झालेली नावं खोडा, पेटीतल्या औषधांच्या तारखा बघा, पोटनळी पाण्यात वाकवून तडे गेलेत का ते पाहा. तडे गेलेली नळी घोड्याच्या नाकात तुटते. ती फेकून द्या, "असू दे, उपयोगी पडेल" म्हणून पेटीत परत ठेवू नका.